वाढत्या अंगाचा गणवेश

"आमची चार्टर शाळा टायरीसला झेपत नाहीये. तो जुन्या सरकारी शाळेतच रमेल," मी त्याच्या आईला, लोरेटाला, फोनवर सांगितलं. परीक्षा तोंडावर आली होती. कच्ची पोरं गळाली की आमच्यासारख्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या खासगी शाळेचा निकाल वर जातो.

दुसऱ्या दिवशी तिनं 'स्वेच्छेने शाळा सोडत आहे' असं लिहिलेल्या अर्जावर सही केली आणि पिशवीतून इस्त्री केलेला गणवेश काढला.

"बाई, प्रवेशाच्या सोडतीत त्याचं नाव निघालं तेव्हा अख्ख्या चर्चनं टाळ्या वाजवल्या होत्या. आता प्रतीक्षायादीत पुढचं जे लेकरू असेल, त्याला हा द्या. वाढत्या अंगाचा घेतलाय."

"नक्की देते," मी म्हणाले.

चौथीनंतर रिकाम्या झालेल्या जागेवर आम्ही नवीन मूल घेतच नाही. टायरीस पाचवीत होता.