दुसरा कंट्रोलर

दुसरा कंट्रोलर जोडला की संगणक बंद पडायचा. शर्वरी एकटी होडीचा व्हिडिओ गेम खेळायची तेव्हा पडद्यावरचा निळा समुद्र दुपारभर संथ हलत राही. पण अर्धांगवायूतून सावरणाऱ्या निरंजनने, तिच्या नवऱ्याने, डाव्या हातात कंट्रोलर धरला की दोघांची होडी काळोखात विरून जाई.

"माझा हातच अपशकुनी," तो म्हणाला.

तिने वायर बदलली, कंट्रोलर बदलला. काही उपयोग झाला नाही. शेवटी दुरुस्तीवाल्या बाईंनी घरी येऊन सेटिंग उघडून पाहिलं. "मेमरी ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलीय कोणीतरी. दोन कंट्रोलर लागले की तिला झेपत नाही. वेग कमी करू?"

शर्वरीने निरंजनकडे पाहिलं. आजारापूर्वी त्यानेच महिनाभर खपून तो वेग साधला होता, मित्रांना बोलावून दाखवला होता.

"करा कमी," तोच म्हणाला. "तेव्हा मी एकटाच खेळायचो."

संगणक पुन्हा सुरू झाला. दोन्ही कंट्रोलर जोडूनही समुद्र हलत राहिला. निरंजनच्या अंगठ्याने होडी हळूच वळली, धुक्यातल्या बेटाकडे निघाली. शर्वरीने आपला कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि निरंजन नेईल तिकडे जाऊ लागली.