गर्दी नसलेलं गाव

"गर्दी नको, गोंगाट नको, नुसता समुद्र हवा," म्हणत भास्कररावांनी कोकणातल्या एका घरगुती निवासाच्या, वर्तमानपत्रातून कापलेल्या कात्रणावरचा नंबर बायकोच्या मोबाइलवरून लावला आणि कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर सुरू केला.

"अहो, राहू द्या ते. तिथे डास फार असतात," शालिनीबाई घाईघाईने म्हणाल्या.

तेवढ्यात पलीकडून एका बाईचा आवाज आला, "अगो बाय, काकी! यंदा उशीर केलात. येवा, तुमच्या आवडीचे बांगडे सांगून ठेवतंय."

भास्कररावांच्या हातून फोन सतरंजीवर पडला. चाळीस वर्षांत या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरला नव्हता. "तू दर वर्षी भजनी मंडळाबरोबर यात्रेला जातेस ना?" त्यांचा आवाज चिरकला.

"नऊ वर्षं तिथेच जाते. एकटी," शालिनीबाई खाली बघत म्हणाल्या. "तेवढे चार दिवस माझे असतात. आता तुम्ही आलात, की तिथेही मला वरणभातच."

भास्कररावांनी कात्रणाची घडी घातली. मग ते अडखळत म्हणाले, "मी ओसरीवर वाचत बसेन. तुझ्या ताटाकडे बघणारसुद्धा नाही."

शालिनीबाईंनी फोन उचलला. "दोघं येतोय गं," त्या म्हणाल्या. "यांना वरणभात कर."