जाड ऑईल

नवं ऑईल घातलं तरी आठवड्यात ते डांबरासारखं काळं व्हायचं आणि चढाला इंजिन खडखडायचं. टेम्पोचं इंजिन गेलं, असं धर्मपालनं धरूनच टाकलं. आता टेम्पो विकून मेव्हण्याच्या ओळखीनं पुण्यात नोकरी धरायची. बायको, मीनाबाई, तर हसतमुखानं तयार झाली होती.

विकण्याआधी त्यानं आपल्याच गावातल्या अंबादास मिस्त्रीला टेम्पो दाखवला. मिस्त्रीनं इंजिन तपासलं, ऑईल बोटांत चोळलं.

"डिझेल कुठलं भरता?"

"मोडनिंबला बॅरलमधलं सुट्टं स्वस्तात मिळतंय, तेच."

"मग काळं होणारच की! तुमचं ऑईल पातळ, नव्या गाड्यांचं. असल्या डिझेलची घाण त्याला सोसत न्हाय. जुन्या डिझेल गाड्यांचं जाड ऑईल घ्या, डब्यावर पंधरा-डब्ल्यू-चाळीस बघून. आन् पंपावरचं डिझेल भरत जावा. इंजिनाला काय धाड भरलीय?"

ऑईल बदलून धर्मपालनं टेम्पो पुलावर चढवला. इंजिन खडखडलं नाही. कितीतरी दिवसांनी त्यानं मोकळा श्वास घेतला. घर जवळ आलं तसा मात्र तो घुटमळला. मीनाबाईचा हिरमोड होणार होता.

"टेम्पो धड हाय," तो दारातूनच हळू म्हणाला. "इकायची गरज न्हाय. पण तुला पुण्याला जायचंच असंल, तर..."

मीनाबाई रडता रडता हसू लागली.

"मला कुटं जायचंय वो? तुमी खचू नये म्हणून व्हय म्हणलं हुतं."