कोजागिरीचं दूध

नव्या दुर्बिणीतून पहिल्यांदा वत्सलाबाईंना नुसता काळोख दिसला होता, कारण पुढचं झाकणच त्यांनी काढलं नव्हतं. आज कोजागिरी, म्हणून माधवरावांनी गच्चीवर स्वतः कमी ताकदीचं भिंग लावून दिलं, आणि वर आलेला चंद्र नेमका त्यात आला.

"भिंगाला काहीतरी चिकटलंय," असं म्हणून वत्सलाबाई ते पदराने पुसू लागल्या.

"अगं, पदराने नको, चरे पडतील!"

डाग काही गेले नाहीत. मग वत्सलाबाईंनीच जास्त ताकदीचं भिंग बसवलं, चक्री फिरवली, आणि डागांचे डोंगर झाले. निळ्या पिशव्यांचे डोंगर! काही फुटलेले, खाली तपकिरी काहीतरी सांडून गोठलेलं.

सोसायटीत ओला, सुका आणि निळा असे तीन डबे होते. निळ्यातला कचरा रॉकेटने लांब कुठेतरी जातो, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. आजारी सासूबाईंचे डायपर वत्सलाबाईंनी वर्षभर त्यातच टाकले होते.

"शी! हा आपलाच कचरा आहे हो!"

"मग काय, हवेत विरणार होता?" माधवराव म्हणाले. चंद्राला दाखवलेलं केशरी दूध त्यांनी पेल्यात ओतून पुढे केलं. "घे, प्रसाद."

दुधात चंद्र तरंगत होता. वत्सलाबाईंनी पेला घेतला. पदर नाकाला लावून त्या तशाच जिना उतरल्या आणि तो पेला त्यांनी सवयीने निळ्या डब्यात रिकामा केला.