दुमडलेला कोपरा

बाळ झाल्यापासून तिचं एकही पुस्तक पुरं झालं नव्हतं. चार पानं होतात न होतात तोच ते रडे, आणि पानाचा कोपरा दुमडून ती धावे.

हल्ली ते कोपरे आपोआप पुढे सरकत होते.

"माझी पुस्तकं तू वाचतोस का रे?"

"मी? अगं, मी औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा पुरतं वाचत नाही!" नवरा हसत कामावर गेला.

दुपारी बाळाला निजवून तिने कपाट उघडलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा कोपरा नखाने दाबून दुमडलेला होता.

आतल्या खोलीत बाळ रडू लागलं, आणि रडता रडता एकदम थांबलं.

ती धावली. दाराला आतून कडी होती.

"गप, माझ्या राजा," आतून कुणीतरी लाडाने म्हणालं, "आईला वाचू दे."