पडलास तर

“‘नाही’ म्हणायचं नाही, सरू. पुस्तकात नसलेलं कोणी काही करतो म्हणाला, तर कसं ते विचारायचं. पडला तर काय, ते आधी सांगायचं. मग फासा.”

किसनदादा असं शिकवायचा. तो बदलापूरच्या नदीत बुडाल्यापासून खेळ त्याची बहीण चालवत होती. सरूने नियमांचं झेरॉक्स पुस्तक आणि फासा कपाळाला लावला.

“पोथी आहे का ती?” भीमराव म्हणाला.

“दादाची आहे.”

कॅम्प चार वस्तीतल्या सरूच्या खोलीत रविवारी दुपारी आता सरू, भीमराव आणि सोमा, तिघंच बसत. सरूची आई, माई, मात्र आतून चहाचे कप चार पाठवायची.

खेळ तोंडीच. आपला माणूस लढाईत काय करतो ते ज्याने त्याने बोलायचं. जमलं की नाही, ते फासा सांगणार. आज भीमरावच्या तिरंदाजाला सुसरीने पुलाखाली ओढलं होतं.

“भाला फेक ना, सोमा. भाल्याचा नियम आहे,” भीमराव म्हणाला.

“मी उडी मारतो,” सोमा म्हणाला. “पुलावरून. सुसरीच्या मानेवर.”

“च्यायला, हिरो.”

उडीचा नियम पुस्तकात नव्हता. सरूच्या ओठांवर ‘नाही’ आलंच होतं. दादा बुडत होता तेव्हा सोमा पुलावर उभा होता, हे तिला एकटीला ठाऊक होतं. माईला वाटत होतं, किसन एकटाच गेला होता.

“कसं?” तिने विचारलं.

“शेला सोडतो. एक टोक कठड्याला, एक कमरेला.” सोमा अडखळला नाही. “ती गाठ रोज रात्री मारतो मी.”

भीमराव हसला, मग त्या दोघांकडे बघून त्याने कप खाली ठेवला.

“पडलास तर,” सरू हळूच म्हणाली, “माईला सांगायचं. सगळं.”

सोमाने फासा मुठीत धरून ठेवला. चहावर साय आली.

“सांगेन.”

फासा पाटावर घरंगळला आणि सगळ्यात मोठा आकडा वर करून थांबला.

“आला वर माझा गडी,” भीमराव म्हणाला. “पोचलास की रे.”

सोमा फाशाकडे बघत राहिला. मग उठला.

“अरे, जिंकलास तू. चाललास कुठे?”

सोमाने चौथा कप उचलला, आणि स्वयंपाकघराचा पडदा सारून आत गेला.