नळाचे पैसे

"हे पैसं घे, न्हाईतर खोल्या मोकळ्या कर," मनुबाई म्हणाल्या आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसूनच राहिल्या.

सुलाबाई वरच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. चूक काय झाली ते तिला कळेना. मोरीतला नळ गळत होता. तिच्या नवऱ्यानं, धुळानं, कामावरून येता येता नवा नळ आणला आणि पान्यानं बसवून टाकला. घरमालकीण ऐंशीच्या पुढची, तिला एवढ्याशासाठी कशाला त्रास द्यायचा, एवढाच त्यामागचा विचार. ते कळल्यावर मनुबाई पैसे घेऊन जिना चढल्या, तेव्हा सुलाबाईनं रीतीप्रमाणे नको नको म्हटलं. चहा विचारला की पाहुणा आधी नकोच म्हणतो, तसलं ते नको. मनुबाईंना मात्र ते ऐकून घाम फुटला.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या गल्लीत घरमालक आणि भाडेकरूंची भांडणं नेहमीचीच. कडी निसटली, बटण जळालं, की खर्च कुणी करायचा यावरून आवाज चढायचे. शेजारच्या शालूबाईंनी तर जिन्यातला दिवा बदलायचा कुणी, या वादात दिवाळीपर्यंत भाडेकरूला अंधारात ठेवलं होतं, आणि त्या अंधारात एकदा स्वतःच घसरल्या होत्या. मनुबाईंचं सगळं उलटं. वर काही बिघडलं की त्या माणूस घेऊन हजर. भाडेकरूला कॅलेंडर टांगायचं असलं तरी खिळा त्यांचा आणि हातोडीही त्यांचीच. म्हसवडला फोन झाला की सुलाबाई सासूला हेच सांगायची, की आत्याबाई, देवमाणूस भेटलंय आम्हाला.

आज तेच देवमाणूस महिनाअखेरीची मुदत देत होतं. मुलीचं, राणीचं, बारावीचं वर्ष, परीक्षा तोंडावर, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. मेंढरांमागं फिरत जन्म उघड्यावर काढलेल्या घरातली ती पहिली मुलगी बारावीला बसणार होती. आता तिच्या डोक्यावरचं छप्पर एका नळापायी जायची वेळ आली.

सुलाबाईनं हात पुढं केलाही असता. पण आतून धुळा बाहेर आला. हळदीच्या पेठेत दिवसभर पोती तोलणारा तो माणूस, बोलायचा कमी.

"आजी, भलं करायला गेलो तर हाकलताय व्हय? मग जातो आमी. पैसं न्हाई घेणार."

मनुबाई उठल्या आणि कठडा धरून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी शालूबाईंनी सुलाबाईला गच्चीवर गाठलं. कपडे वाळत घालता घालता त्यांनी सगळा उलगडा केला. म्हातारीचं सासर कृष्णाकाठचं, ऊसवाल्यांचं. मागं कूळकायदा आला, तेव्हा जो जमीन कसत होता त्याच्या नावावर ती झाली आणि कित्येक मालक हात चोळत बसले. तेच म्हातारीच्या मनात घर करून बसलंय. आज नळ आमचा म्हणाल, उद्या घर आमचं म्हणाल.

"तिला वाटतंय, तुमी कूळ लागताय तिच्या घराला," शालूबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

सुलाबाईला हसू आलं नाही. तिच्या माहेरची मेंढरं ज्या माळावर चरायची, त्या माळाला एके दिवशी तारेचं कुंपण पडलं होतं. त्या कुंपणाबाहेर उभे राहिलेले वडील तिनं पाहिले होते. हातची जमीन जाते म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. संध्याकाळी जेवताना तिनं हे धुळाच्या कानावर घातलं. राणी मध्येच म्हणाली, की भाड्याच्या घराला तो कायदा लागतच नाही. आईनं तिला गप्प केलं. ज्या माणसानं एवढं गमावलंय, त्याच्याशी कायदा काय बोलायचा? धुळानं ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाला, घेऊन टाकू पैसे.

दोघं खाली गेली. मनुबाईंनी लगेच पैसे काढले नाहीत. आधी शालूबाईंना हाक मारून बोलावलं, साक्षीला समोर उभं केलं आणि त्यांच्या देखत नोटा धुळाच्या हातावर ठेवल्या. नळ कुणाचा, असं विचारलं. धुळानं खाली मान घालून सांगितलं, तुमचा. तेव्हा कुठं म्हातारीचा चेहरा सैल झाला. परीक्षेचं काय घेऊन बसलीस, पोरीचं लग्न इथनंच कर म्हणाल्या आणि स्वतः उठून आलं ठेचून चहा केला.

चहा पिताना सुलाबाईला राहवलं नाही. तिनं म्हातारीच्या सुरकुतलेल्या हातावर हात ठेवला.

"लय वाईट झालं बघा आजी. किती जमीन गेली वं तुमची?"

मनुबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. कसली जमीन, असं त्यांनी विचारलं. सुलाबाईनं चाचरत कूळकायद्याचं नाव काढलं.

"आमची कशाला जाईल?" मनुबाईंनी कप खाली ठेवला. "जमिनीचं मालक सांगलीत ऱ्हायाचं. लय भला माणूस. बांध फुटला, तो मामंजींनी घातला. मालक पैसं द्यायला आलं, तर मामंजींनी हात जोडलं, म्हणालं, ऱ्हाऊ द्या की मालक. अगं, कूळ आमीच हुतो."